घर किती क्विंटल कापसाचं?

जिंतुरात वास्तुशांतीचं जेवण उरकलं, सुपारी तोंडात गेली की एक प्रश्न हमखास येतो: "मग, किती गेलं?" यजमान जो आकडा सांगतो, तो समोर कोण बसलंय त्यावर ठरतो. सोयऱ्यांना फुगवून, भावकीला आखडून, आणि उसने मागेल अशी शंका असलेल्याला "अजून हिशेबच लावला नाही बघा." म्हणून घरखर्चाचा इतिहास काढायचा तर माणसांच्या नादी लागू नये. सरळ वस्तूंना विचारावं. सिमेंटच्या पिशवीला, सळईला, छपरावरच्या मातीला, वाळूच्या ट्रॅक्टरला. वस्तू खोटं बोलत नाहीत. (वाळूचा ट्रॅक्टर सोडून. त्याच्याकडे नंतर येऊ.)

सिमेंट: शून्य पिशव्या

जिंतूर तालुक्यातलं सगळ्यात टिकाऊ बांधकाम बघायचं तर चारठाण्याला जावं. यादवकाळातली मंदिरं, बारव, आभाळात गेलेला कोरीव स्तंभ. सिमेंट शून्य. दगडांच्या सांध्यात चुनासुद्धा नाही. एका दगडाला खोबण, दुसऱ्याला कूस, आणि वरच्याच्या वजनानं खालचा दाबून बसलेला. ही पद्धत आपण ज्या हेमाडपंताच्या नावावर खपवतो, तो तेराव्या शतकातला यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे आजच्या भाषेत मोठा सचिव. सिमेंटचा जन्म त्यानंतर पाचेकशे वर्षांनी: इंग्लंडातल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिन नावाच्या गवंड्यानं 'पोर्टलंड सिमेंट'चं पेटंट घेतलं ते १८२४ साली. भारतात त्याचा कारखाना धड चालायला १९१४ उजाडलं, तोही पोरबंदरला.

आता "जुनी बांधकामं किती मजबूत होती!" असं म्हणायच्या आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. चारठाण्यात टिकलं ते देवांचं घर. ते घडवणाऱ्या पाथरवटाचं घर कुठंय? मातीचं होतं, मातीत गेलं. जे पडलं ते दिसत नाही आणि जे उभं आहे तेवढंच आपण बघतो. या हिशेबानं सगळेच पूर्वज थोर गुत्तेदार ठरतात.

पायाच्या खर्चात काटकसर करणाऱ्यांसाठी जिंतूरशेजारच्या नेमगिरीच्या जैन लेण्यांत एक नमुना आहे. तिथली पार्श्वनाथाची भलीमोठी मूर्ती एका चिमुकल्या दगडावर टेकलेली आहे, असं भाविक सांगतात. आपल्या इंजिनिअरला मात्र तो दाखवू नका.

किती खणांचं घर?

आज आपण "किती स्क्वेअर फूट?" विचारतो. आज्यानं विचारलं असतं, "किती खणांचं?" दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. दोन खणांचं घर गरिबाचं, पाच-सात खणांचं खात्यापित्याचं, चौसोपी वाडा असेल तर बोलायलाच नको. म्हणजे घर मोजायचं ते लाकडानं, कारण रोख पैसा लाकडालाच लागायचा.

बाकीचं? माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घराचं, अंदाजपत्रक कागदावर मांडून बघा. मराठवाड्यात गावाला दोन रंग: शेतीची काळी आणि वस्तीची पांढरी. भिंतीला आणि छपराला लागणारी पांढरी माती गावातलीच. तिच्यात गवत फारसं माजत नाही आणि दाबून बसवली की पाणी चटकन आत घेत नाही. किंमत शून्य. दगड माळावरचा, तोही फुकट; फोडणाऱ्या वडाराची मजुरी तेवढी. माती तुडवायला, भिंत घालायला भावकी आणि सावड. आज माझ्या भिंतीला तुझे हात, उद्या तुझ्या भिंतीला माझे. सुताराला आणि लोहाराला वर्षाचं बलुतं, ज्वारीच्या पेंढ्यांत. पैसे मोजून आणायचे ते सागाचे खांब, तुळया, चौकट आणि कड्या-कोयंडे. म्हणूनच माळवद पडलं तरी सागवान जपून ठेवायचे, आणि म्हणूनच आजही जुना वाडा पाडला की मातीकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण खांबांचा सौदा ट्रक यायच्या आधीच झालेला असतो. जुन्या घराच्या तुळया विकून नव्या घराच्या स्लॅबला हातभार लावणारी माणसं प्रत्येक गावात सापडतील.

ही सगळी स्वस्ताई खरी, पण तिला हप्ते होते. दर मृगाच्या आधी माळवदावर मातीचा नवा थर. सारवण आठवड्याला. गळती लागली की भर पावसात वर चढायचं. हे सगळं बिनपगारी होतं, आणि बहुतेक काम बायकांच्या वाट्याला होतं, म्हणून हिशेबात आलं नाही इतकंच. "पूर्वी घर फुकटात व्हायचं," असं कुणी म्हणालं की घरातल्या म्हातारीच्या कमरेकडे बघावं.

एकाच घराच्या दोन किमती

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत जिंतूर निजामाच्या राज्यात. इथं चालायचा हाली सिक्का. तिकडे लोणार-मेहकरच्या बाजूला वऱ्हाडात इंग्रजांचा कलदार. भाव साधारण असा: सात हाली बरोबर सहा कलदार. म्हणजे जिंतुरात ७०० रुपयांना पडलेलं घर वऱ्हाडातल्या पाहुण्याला ६०० चं वाटणार! सीमेवरच्या सोयरिकीत "किती गेलं?" या प्रश्नाचं खरं उत्तर देऊनही माणूस खोटा पडायचा. हाली नंतरही रेंगाळला, तो पूर्ण निकालात निघाला १९५० चं दशक सरता सरता.

पिशवी आणि खुर्ची

आता दुकानात जाऊन "चाळीस पिशव्या टाका" म्हणता येतं. १९८२ च्या आधी असं म्हणणारा माणूस एक तर पुढारी असायचा, नाही तर वेडा. सिमेंटच्या भावावर आणि वाटपावर सरकारचं नियंत्रण होतं. घर बांधायचं म्हणजे आधी अर्ज, मग परमिट, मग वाट. भाव सरकारी म्हणून कागदावर स्वस्त. पण ज्याला त्या भावात मिळत नसे, त्याला तो भाव पाठच असून काय उपयोग? काळ्या बाजारात पिशवीचा दर वेगळा. पावसाळ्याच्या तोंडावर परमिट हातात पडलं आणि पिशव्या घरात ठेवून दगड झाल्या, हे त्या पिढीचं ठरलेलं दुखणं.

त्या टंचाईची ताकद केवढी? जानेवारी १९८२ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली. प्रकरण होतं बिल्डरांना सिमेंटचं वाटप आणि त्यांनी अंतुल्यांच्या ट्रस्टला दिलेल्या देणग्या यांचं. मुंबई उच्च न्यायालयानं ताशेरे ओढले आणि राजीनामा आला. पन्नास किलोच्या पिशवीनं मुख्यमंत्री हलवला, असं जगात फार ठिकाणी घडलं नसेल. गंमत म्हणजे लगेच पुढच्याच महिन्यात, २८ फेब्रुवारी १९८२ ला केंद्रानं सिमेंटवरचं नियंत्रण अर्धवट सैल केलं. कारखान्यांनी ठरावीक हिस्सा सरकारला द्यायचा, उरलेला बाजारात विकायचा. १ मार्च १९८९ ला उरलंसुरलं नियंत्रणही गेलं.

ज्या घराच्या कोनशिलेवर १९८९ नंतरचं साल आहे, त्या घराच्या मालकानं सिमेंटसाठी पैसे मोजले. ज्यावर १९८० च्या आधीचं साल आहे, त्यानं पैसे मोजलेच, वर ओळखही खर्च केली. दोन्हींतलं महाग कोणतं, हे ओळख कुणाची होती त्यावर.

छपरावर हत्ती

एक कोडं. दहा बाय दहाच्या दोन खोल्या. एकीवर फूटभर मातीचं माळवद, दुसरीवर पाच इंची आरसीसी स्लॅब. जड छप्पर कोणतं?

स्लॅब म्हणालात? चुकलात. शंभर चौरस फुटांवर फूटभर माती म्हणजे शंभर घनफूट. वजन साडेचार-पाच टन, एक पूर्ण वाढलेला हत्ती. पाच इंची स्लॅब मात्र तीन टनांच्या आसपास. आणि माती फूटभरच राहत नाही. दर मृगाला नवा थर, बाप घालतो, मुलगा घालतो, नातू घालतो. तीन पिढ्यांत हत्तीच्या पाठीवर हत्ती.

३० सप्टेंबर १९९३. विसर्जनाची रात्र संपून पहाटेचे चार वाजत आलेले. किल्लारीला धरणी हलली आणि जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंप ६.२ तीव्रतेचा. यापेक्षा मोठ्या धक्क्यांत जगात कमी माणसं दगावली आहेत. इथं मारलं ते मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाडजूड भिंतींनी आणि वरच्या मातीच्या ओझ्यानं. खांब-तुळयांचा सांगाडा चांगला होता तिथं भिंत बाहेर कोसळूनही छप्पर तरंगत राहिलं, अशीही घरं त्या भागात होती. म्हणजे ज्या लाकडावर आज्यानं रोख पैसा घातला होता, तेच कामाला आलं.

जिंतूर तिथून सरळ रेषेत दीडशेहून अधिक किलोमीटर. पण भीतीला किलोमीटर कळत नाहीत. मराठवाड्यात घराबद्दलचं बोलणंच त्या पहाटेनंतर बदललं. 'माळवद' हा शब्द थंडाव्याचा होता, तो धास्तीचा झाला. पत्रा आणि स्लॅब ही श्रीमंतीची खूण होती, ती सुरक्षिततेची झाली. खर्चाचा आलेख काढणारे महागाई बघतात. मराठवाड्यात या एका तारखेची रेघ त्यावर मारावीच लागते.

पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी उभी राहिली आणि तिथं घराचं माप ठरलं ते जमिनीवरून. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. घरातल्या डोक्यांवरून नाही, सातबाऱ्यावरून. धरणीनं सगळ्यांना एका पातळीवर आणलं होतं, सरकारी कागदानं पुन्हा उतरंड लावून दिली.

उन्हाळ्याचा हिशेब मात्र कुणी धरत नाही. मे महिन्यात माळवदाखाली दुपारी पंख्याशिवाय झोप लागायची. स्लॅबखाली कूलर लागतो, कूलरला पाणी लागतं, पाण्याला टँकर लागतो.

सूत, ब्रास, गुंठा: बांधकामाचा शब्दकोश

सळईचा कारखाना मिलिमीटरमध्ये बोलतो, आपला मिस्त्री सुतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ८ मिमी अडीच सूत, १० मिमी तीन सूत, १२ मिमी चार सूत. वजनाचं सूत्र तर एवढं सोपं की तळहातावर लिहून ठेवावं: मिमीचा वर्ग करा, १६२ नं भागा, मीटरमागे किलो निघतात. चार सुताची बारा मीटरची कांडी भरली पाहिजे साधारण १० किलो ६७० ग्रॅम. काट्यावर फारच कमी भरली तर सूत पातळ आहे, किंवा दुकानदार.

सळई इकडं येते ती बहुधा जालन्याहून. 'जालना सोने का पालना' ही जुनी म्हण. आता तो पाळणा लोखंडाचा आहे. तिथल्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. तुमच्या कॉलममध्ये कुणाची तरी मोडकी सायकल उभी असेल, काही सांगता येत नाही.

गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वाळू, गिट्टी, मुरूम, डबर सगळ्याला हेच माप. (म्हणजे वरचा हत्ती मातीच्या एका ब्रासचा होता.) आता ढोबळ हिशेब, जो चाळीस वर्षांत फारसा हललेला नाही: हजार चौरस फुटांच्या आरसीसी घराला सिमेंट सुमारे ४०० पिशव्या, लोखंड ४ टन, वाळू १८ ब्रास, गिट्टी साडेतेरा ब्रास. लागतं तेवढंच, बदलतो तो भाव. पदार्थ तोच, पाककृती तीच, किराणा महागला.

आता तो ट्रॅक्टर

वाळूला पूर्वी किंमत नव्हती, फक्त भाडं होतं. बैलगाडी घेऊन पूर्णेच्या पात्रात जायचं, भरायची, यायचं. पैसे कुणाला द्यायचे? नदीला?

मग येलदरीला धरण झालं, १९६० च्या दशकात, पूर्णेवर, जिंतूर तालुक्यातच. (एवढं थोरलं धरण आहे मातीचं, हे मातीच्या घराला नाक मुरडणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.) धरण पाण्यासोबत वरून वाहत येणारी वाळूही अडवतं. त्यात गावोगाव स्लॅब पडायला लागले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार प्रकरणात सांगितलं की छोट्या वाळूपट्ट्यालाही पर्यावरण मंजुरी हवी. मंजुरी अडली की लिलाव अडतो, लिलाव अडला की रात्री ट्रॅक्टर सुटतात. तेव्हापासून वाळूचा भाव ठरतो तो नदीत किती आहे यावर नाही, रस्त्यात कोण उभं आहे यावर.

२०२३ मध्ये राज्यानं ६०० रुपये ब्रासनं सरकारी डेपोवरून वाळू द्यायची योजना आणली, वाहतूक ज्याची त्यानं करायची. २०२५ ला धोरण फिरलं, डेपो गेले, पुन्हा लिलाव आले. घरकुलवाल्याला ५ ब्रास वाळू मोफत हे मात्र राहिलं. पाचच का? गणित करून बघा. घरकुल २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. हजारी १८ ब्रासच्या हिशेबानं वाळू लागते ४.८४ ब्रास. कोण म्हणतं सरकारी कागद मोजमाप न करता निघतो? हा चक्क बरोबर निघाला. आता ती पाच ब्रास अंगणात पडेपर्यंत साडेतीन होऊ नये एवढंच.

कापसाच्या मापानं

रुपयानं घर मोजण्यात अर्थ नाही, रुपयाच लहान झालाय. आयकर खात्याचा महागाई निर्देशांक २००१-०२ ला १०० होता, २०२५-२६ ला ३७६. मग माप कोणतं घ्यावं? जिंतूरकराच्या घरात स्लॅबचे पैसे कापसानं येतात, हल्ली सोयाबीननं. दिवाळीनंतर पहिली गाडी विकली की फुटिंगचे खड्डे, दुसरी विकली की जोतं. म्हणून घर कापसाच्या क्विंटलात मोजू. सरकारी घरकुलासाठी केंद्राच्या निकषातली सपाट भागाची रक्कम घेऊ, आणि तिला त्या-त्या वर्षाच्या लांब धाग्याच्या कापसाच्या हमीभावानं भागू.

१९९६: इंदिरा आवास योजनेचे २० हजार, कापूस १३८० रुपये. घरकुल साडेचौदा क्विंटलचं.

२००४: २५ हजार, कापूस १९६०. पावणेतेरा क्विंटल. रक्कम वाढली, घर आटलं.

२००८: ३५ हजार. पण त्या वर्षी हमीभावानं एकदम ३ हजाराला उडी मारली, म्हणून घर पावणेबारा क्विंटलच्याही जरा खाली. २०१० ला ४५ हजार झाले तेव्हा बरोबर पंधरा. २०१३ ला ७० हजार, साडेसतरा.

२०१६: प्रधानमंत्री आवास योजना, १ लाख २० हजार. कापूस ४१६०. जवळपास एकोणतीस क्विंटल! सरकारी घर यापेक्षा जाड कधीच नव्हतं.

आणि २०२५? केंद्राच्या निकषात तेच १ लाख २० हजार. कापूस ८११०. पावणेपंधरा क्विंटल. एकोणतीस वर्षांत फिरून फिरून आपण १९९६ च्याच उंबऱ्यावर. राज्यानं २०२५ ला आणखी ५० हजारांची भर घालायचं ठरवलं, ती धरली तर एकवीस क्विंटल.

आता दुसरी बाजू. छोट्या गावात साधं आरसीसी घर मटेरियलसह द्यायला गुत्तेदार आज दीड हजार रुपये फुटाच्या खाली फारसा येत नाही. जरा टाइल्स-पीओपीचं नाव काढलंत की दोन हजार. घरकुलाचे २६९ फूट दीड हजारानं म्हणजे चार लाखांच्या वर, पन्नास क्विंटल कापूस. सरकार देतं पंधरा, फार तर एकवीस. शिवाय रोजगार हमीतून घराच्या कामाची ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपयांनी २८ हजार ८०, आणि शौचालयाचे १२ हजार. उरलेलं? कोरडवाहू एकराला पाच-सात क्विंटल उतारा धरला तर पन्नास क्विंटलला आठेक एकर लागतात, तेही खत, बियाणं, वेचणी वजा न करता. ज्याच्याकडे आठ एकर आहेत त्याचं नाव यादीत बसत नाही, आणि ज्याचं नाव यादीत आहे त्याच्याकडे आठ एकर नाहीत. म्हणून गावोगाव घरकुलं लिंटेलपर्यंत येऊन थांबलेली दिसतात. लाभार्थी आळशी म्हणून नव्हे, भागाकार जमत नाही म्हणून.

(हमीभाव हातात पडतोच असं गृहीत धरून हे गणित केलंय. बाजारात कापूस नेलेल्यानं हसू नये.)

जमिनीत पुरलेले पैसे

जिंतूरच्या घराचा एक खर्च पुण्या-मुंबईच्या माणसाला समजतच नाही: पाया. काळी माती म्हणजे कापसाला आई आणि भिंतीला सावत्र आई. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, भेगेत हात जाईल एवढी फाटते. तिच्यावर बसलेली भिंतही मग तिच्या तालावर नाचते. कोपऱ्यातून तिरकी चीर निघते ती प्लास्टरनं झाकत नाही. उपाय एकच, मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. डोंगराच्या अंगाला प्लॉट असेल तर दोन-तीन फुटांत कुदळ खणकन वाजते. सखल शेतातल्या प्लॉटवर खड्डा जातच राहतो. दोन भावांची सारखी घरं, सारखा गुत्तेदार, आणि एकाचं लाखभर जास्त गेलेलं. दोघांनाही वाटतं, दुसरा खोटं बोलतोय.

प्लॉट स्वस्त का मिळाला, याचं उत्तर पुष्कळदा सहा फूट खाली असतं.

घर नव्हे, नकाशा

आज्याच्या घराचं सामान बैलगाडी एका दिवसात जाऊन येईल तेवढ्या टापूतलं. त्यातल्या त्यात परका पाहुणा शहाबादी फरशी. पण शहाबाद तेव्हा निजामाच्याच राज्यात, म्हणजे एका अर्थी घरचीच. पुढे ओट्याला आंध्रातला कडप्पा आला, मग जिन्याला राजस्थानचा कोटा. आता हॉलमध्ये गुजरातेतल्या मोरबीच्या टाइल्स, त्यावर इटलीच्या संगमरवराचं चित्र. विटांच्या जागी कुठं कुठं परळीच्या वीजकेंद्राच्या राखेच्या विटा, म्हणजे दिवा लावल्यावर उरलेल्या राखेतून भिंत. दाराची चौकटही सागाची राहिली नाही. आधी सिमेंटची झाली, मग ग्रॅनाइटची. वाळवीचा रोजगार बुडाला.

म्हणजे घर महागलं असं आपण म्हणतो, त्यातला मोठा भाग असा की घर गावातून बाहेर गेलं. पूर्वी मातीला, दगडाला, हातांना भाव नव्हता, बदला होता. आता प्रत्येकाचं बिल येतं आणि बिलावर जीएसटी. सिमेंटवर तो २०१७ पासून २८ टक्के होता. गरिबाच्या घराचं सिमेंट आलिशान गाड्यांच्या पंगतीला बसवलं होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला तो १८ वर आला. साडेतीनशेच्या पिशवीमागे सत्तावीस रुपये, चारशे पिशव्यांमागे जवळपास ११ हजार वाचायला हवेत. हिशेबानं. दुकानात विचारून बघा, ऐकण्यासारखी उत्तरं मिळतात.

मोजणीत नसलेलं

मुद्रांक विभागाच्या तक्त्यात बांधकामाचे प्रकार आहेत: आरसीसी, इतर पक्कं, अर्धं पक्कं, कच्चं. बांधकाम खात्याच्या दरसूचीत खोदाईपासून खिळ्यापर्यंत सगळ्याचा भाव आहे. स्लॅबच्या दिवशीच्या जेवणाचा रकाना कुठंच नाही. मिक्सर सकाळी घरघरला की वीस-पंचवीस माणसं, आणि संध्याकाळी सगळ्यांना मालकाकडून जेवण. बुंदी-भात की मटण, यावरून मालकाची पत ठरते आणि, मिस्त्री शपथेवर सांगतात, स्लॅबची गळतीही.

दुसरा रकाना याहून मजेशीर. जिंतूरच्या कुठल्याही नव्या वसाहतीत गच्चीवर जा. प्रत्येक कॉलममधून तीन-तीन फूट सळया वर आलेल्या. पुढच्या मजल्यासाठी. बारा कॉलम, प्रत्येकी चार सळया, चार सुताच्या: वजन ३९ किलो, आजच्या भावात दोन-सव्वादोन हजार रुपये. घर अजून कर्जात आहे, प्लास्टर एका बाजूचं राहिलंय, धाकटा सातवीत आहे, पण त्याच्या लग्नानंतरच्या खोलीची अनामत आत्ताच आभाळात भरून ठेवलेली. त्यावर रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या असतात. पावसानं गंजू नयेत म्हणून.